मांजरीच्या नावाची पुडी

मेफेड्रोन हे रसायन १९२९ सालचे. साएम द बुर्नागा सांचेझ यांनी ते तयार केल्याची नोंद एका फ्रेंच रसायनविषयक नियतकालिकात आहे. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे ते त्या पानांतच पडून राहिले. २००३ मध्ये ‘कायनेटिक’ असे टोपणनाव घेतलेल्या एका हौशी रसायनज्ञाने ते पुन्हा बनवून पाहिले आणि आपला अनुभव ‘द हाइव्ह’ या संकेतस्थळावर लिहिला. त्यानंतर सहा-सात वर्षांतच ब्रिटनच्या नाइटक्लबांमध्ये तरुणांच्या खिशात तेच रसायन पांढऱ्या भुकटीच्या रूपात सापडू लागले. मुंबईत त्याला एमडी किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात. एवढ्यावरून इंटरनेटवरच्या माहितीने पोरे बिघडवली, असा निवाडा करून मोकळे होता येईल. पण या पुडीचा इतिहास नीट पाहिला तर दोष माहितीपेक्षा माहिती देणाऱ्याच्या विश्वासार्हतेत दिसतो.

आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे मान्य करायला हवे. संगणकाच्या जाळ्याशिवाय ही भुकटी इतकी झपाट्याने पसरली नसती. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये ती वेबसाइटवरून उघड विकली जाई. पाकिटावर ‘झाडांचे खत’ असे लिहिलेले असे आणि खाली ‘मानवी सेवनासाठी नाही’ ही ओळ. औषधविषयक कायद्यातून निसटण्यासाठी ती छापलेली असे आणि तिचा खरा अर्थ विकणारा व घेणारा दोघेही जाणून होते. मात्र माहितीबरोबर बाजाराचीही साथ होती. २००८ मध्ये कंबोडियात सॅफ्रोलयुक्त तेलाचा तीस टनांहून मोठा साठा जाळून नष्ट करण्यात आला. एक्स्टसी या गोळीचा तो कच्चा माल. त्या सुमारास युरोपात एक्स्टसीचा दर्जा घसरला होता आणि गिऱ्हाईक पर्याय शोधत होते. वाट माहितीने दाखवली हे खरे, पण चालणारे आधीच घराबाहेर पडले होते.

मार्च २०१० मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प येथे दोन तरुण मरण पावले. मेफेड्रोनने घेतलेले बळी म्हणून वर्तमानपत्रांनी ती बातमी गाजवली. सरकारनेही घाई केली आणि १६ एप्रिलला बंदी आली. माध्यमांच्या व राजकारणाच्या दबावाखाली हा निर्णय झाला, असे म्हणत सरकारच्या अमली पदार्थविषयक सल्लागार मंडळाचे सदस्य एरिक कार्लिन यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात विषशास्त्रीय तपासणीचा अहवाल आला, तेव्हा त्या दोघांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतेच. या पदार्थाने हृदयाची धडधड वाढते, झोप उडते, नशा तास-दोन तासांत ओसरते आणि लगेच पुढच्या डोसाची ओढ लागते, ही धोक्याची खरी माहिती होती. ती खोट्या बातमीखाली गाडली गेली. लांडगा आला रे आला म्हणून एकदा खोटे ओरडले की पुढच्या खऱ्या हाकेलाही कोणी धावत नाही.

एडवर्ड बॉयर आणि सहकाऱ्यांचा २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यासही दोष निव्वळ माहितीचा नाही, असेच सुचवतो. नमुना छोटा, अवघे बारा तरुण. इंटरनेटवर वाचलेल्याचा आपल्या नशेच्या सवयीवर परिणाम झाला, असे बाराही जणांनी सांगितले. पण त्यांतल्या आठ जणांनी धोका कमी होईल असे बदलही केले होते. बारा जणांवरून अख्ख्या पिढीबद्दल बोलता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही एवढे नक्की दिसते की माहिती एकाच दिशेने ढकलत नाही. तिने मोह वाढतो, तशी सावधगिरीही वाढते. मग इंटरनेटवरची अशी पाने बंदच का करू नयेत? कारण रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तिथे विक्रेता येऊन बसतो.

मुंबईचा अनुभव याचाच पुरावा. इथे ही भुकटी मुख्यतः पेडलरच्या हातून आणि मित्रांच्या टोळक्यातून पसरली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आली, तोवर पोलिसांचे हात बांधलेले होते. यादीत आल्यावरही धंदा थांबला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो माल जप्त झाला. कायदा हवाच, पण त्याची धाव मालापर्यंत. कुतूहलापर्यंत तो पोचत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने ‘एमडी म्हणजे काय?’ असे विचारले की आपल्याकडे घरात दटावणी मिळते आणि शाळेत कवटीचे चित्र असलेला फलक. त्याच्या प्रश्नाचे सविस्तर आणि न रागावता दिलेले उत्तर सहसा एकाच माणसाकडे असते. तो माणूस पुडी विकतो.