सुरक्षा आभासी यंत्रांचे स्थिती-निरीक्षण

एकाच सर्व्हरवरील अनेक आभासी यंत्रांचे व्हायरसपासून रक्षण करण्यासाठी तेथेच उभारलेले स्वतंत्र यंत्र म्हणजे सुरक्षा आभासी यंत्र. फायली तपासण्याचा भार ते उचलत असल्याने प्रत्येक यंत्रात संपूर्ण अँटिव्हायरस चालवावा लागत नाही. मात्र ते बंद पडल्यास त्याच्यावर विसंबलेली सर्व यंत्रे एकदम उघडी पडतात. म्हणून त्याच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी एसएनएमपी हा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला नेटवर्क व्यवस्थापन प्रोटोकॉल वापरता येतो.

सुरक्षा यंत्रातील ‘एजंट’ हा प्रोग्रॅम प्रोसेसर व मेमरीचा वापर, सेवांची स्थिती इ. माहिती पुरवतो. प्रत्येक बाबीला अंकी ओळखक्रमांक असतो. त्यांची मांडणी ‘एमआयबी’ या आराखड्यात दिलेली असते. व्यवस्थापक संगणक सामान्यतः यूडीपी या प्रोटोकॉलच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर ठरावीक अंतराने विचारणा करतो. बिघाड आढळताच एजंट आपणहून १६२ क्रमांकाच्या पोर्टवर ‘ट्रॅप’ ही सूचना धाडतो. ही सूचना वाटेत हरवू शकते आणि यंत्रच ठप्प झाले तर ती निघतही नाही. म्हणून दोन्ही मार्ग एकत्र वापरणे हिताचे ठरते. एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत ओळखीची खातरजमा व सांकेतिकीकरण यांची सोय आहे.