मरणाच्या तारखेला जन्मदिवस

ख्रिस्ती संतांचे सण बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या तारखेला येतात, आणि चर्चच्या जुन्या परंपरेत त्या तारखेला जन्मदिवस म्हणतात. या प्रथेचा सर्वांत जुना लेखी पुरावा दुसऱ्या शतकातल्या एका पत्रात सापडतो. हे पत्र स्मुर्णाहून गेलं; स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझ्मिर. तिथल्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला लिहून कळवलं, की आपला म्हातारा बिशप पॉलिकार्प कसा मेला. साल बहुधा इसवी सन 155 किंवा 156.

या पत्राचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. बिशपच्या आधी त्यात एका क्विंटसची हकिकत येते. फ्रिजियाहून आलेला हा माणूस आपणहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही त्याने पुढे काढलं. पण रिंगणातली जनावरं दिसताच त्याचं अवसान गळालं आणि त्याने शपथ घेऊन देवतांना अर्पण वाहिलं. मंडळीने हे झाकलं नाही. स्वतःहून मरायला निघणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही, असं तिने स्पष्ट लिहिलं.

पॉलिकार्प लोकांच्या आग्रहाखातर गावाबाहेरच्या एका मळ्यात जाऊन राहिला, तिथून दुसऱ्या मळ्यात हलला. त्याला पकडायला शिपाई तिथेही पोचले. तेव्हाही निसटता आलं असतं. तो मात्र माडीवरून खाली आला, शिपायांना जेवू घालायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. ती प्रार्थना उभ्याने दोन तास चालली. वाटेत हेरोद नावाचा अधिकारी आणि त्याचा बाप निकेतस यांनी त्याला आपल्या गाडीत बसवलं. कैसरला प्रभू म्हणायला काय बिघडतं, जीव तर वाचेल, अशी त्यांची समजावणी. तो बधेना म्हणताच त्यांनी त्याला घाईने खाली उतरवलं. त्यात नडगी सोलवटली. म्हातारा तसाच भराभर चालत राहिला.

रिंगणात प्रांताधिकाऱ्यानेही त्याच्या वयाकडे बघून वाट काढून दिली: ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो. आपण 86 वर्षं ज्याची चाकरी केली त्या राजाने आपलं कधी वाईट केलं नाही, त्याची निंदा कशी करू, असं पॉलिकार्पने विचारलं. जाळण्याची धमकी आली तेव्हा म्हणाला, तुझी आग घटकाभराची. पुढे येणाऱ्या न्यायाची आग तुला ठाऊक नाही.

हा माणूस निर्भय होता असं म्हणणं मला अपुरं वाटतं. त्याच्या मनात भय होतं, आणि ते इतक्या मोठ्या धन्याचं होतं की प्रांताधिकाऱ्याच्या भयाला तिथे जागाच उरली नव्हती. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच देवाची सेवा भय धरून करायला सांगितलं आहे. हे बाळकडू फार जुनं. निर्गमच्या पुस्तकात फारो इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारायला सांगतो, तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणी देवाचं भय बाळगतात म्हणून राजाचा हुकूम मोडतात. येशूनेही शिष्यांना पाठवताना शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, शरीर आणि आत्मा दोन्हींवर ज्याची सत्ता त्याला भ्या, असं बजावलं. आणि त्याच दमात चिमण्यांचीही काळजी वाहणाऱ्या पित्याची आठवण दिली. भय आणि भरवसा तिथे वेगळे काढता येत नाहीत. पॉलिकार्पच्या 86 वर्षांत दोन्ही आहेत.

आगीने तो संपेना म्हणून त्याला खंजीर खुपसण्यात आला आणि मग देह जाळला. मंडळीने अस्थी गोळा केल्या. रत्नांपेक्षा मोलाच्या त्या अस्थींपाशी दरवर्षी जमून त्याच्या साक्षीचा जन्मदिवस साजरा करू, असं पत्रात येतं. कारणंही दिली आहेत: झुंजून गेलेल्यांची आठवण, आणि पुढे ज्यांच्यावर पाळी येईल त्यांची तालीम.

तालीम म्हटल्यावर तारीख हुकून चालत नाही. 250च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन आपल्या धर्मगुरूंना तुरुंगात मरणाऱ्यांच्या तारखा नीट टिपून ठेवायला सांगत होता. 354च्या रोमच्या पंचांगात रक्तसाक्ष्यांची तारीखवार यादीच आहे.

अशा याद्यांत पुढे वसईही आली. वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर भाल्याने मारला गेला. त्याच्यासकट एकूण 26 जण. 1862मध्ये पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संत घोषित केलं. रोमच्या आजच्या पंचांगात त्यांचा दिवस मात्र 6 फेब्रुवारी आहे, कारण 5 तारीख आधीच कातानियाच्या संत अगाथाकडे होती. ही तरुणीही परंपरेनुसार तिसऱ्या शतकात रोमी अधिकाऱ्यापुढे न नमल्यामुळे मारली गेली.