प्लेग, पाडकाम आणि चाळ

मुंबईतील प्लेगचे निदान प्रथम कोणी केले, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक असते. मूळचे हडफड्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात ते केले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु त्या साथीने कोणाची घरे गेली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

१८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली. कोकणातून, घाटावरून माणसे येत राहिली. गिरणीमालकांनी भोंगे बसविले, पण निवाऱ्याची सोय भाड्याच्या लोभावर सोडून दिली. चाळीची एक खोली, समाईक नळ, समाईक शौचकूप. एकटे कामगार मिळून खोली घेत. एकाची पाळी सुटे तेव्हा दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. (गोव्याच्या खलाशांची गावोगावची कुडे याच अडचणीतून निघाली, तिथे निदान पेटी ठेवायला हक्काची जागा आणि सायंकाळी रोझरी होती.)

साथीचे कारण ओलसर, कोंदट घरांत आहे, असे सरकारने ठरविले. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखविला तो १८९८ साली, आणि तोही पुढे कित्येक वर्षे कोणी मानला नाही. तपासनीस भिंतींवर 'यू.एच.एच.' ही अक्षरे रंगवीत. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. १८९८ सालीच सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. नागपाडा मोकळा झाला, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड नव्याने काढले गेले. घरमालकांना भरपाई मिळाली. भाडेकरूंना मिळाली ती नोटीस. कामापासून दूर राहणे परवडत नसल्याने ते शेजारच्याच चाळींत शिरले आणि तिथली दाटी वाढली. सुधारणा खोटी नव्हती. पण तिच्या आराखड्यात मजुराची मजुरी आणि खोलीचे भाडे यांचा मेळ कुठेच घातलेला नव्हता, असे माझे मत आहे.

तो मेळ १९२० नंतरही बसला नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. भाडे आणि अंतर पाहून प्रथम कामगार तिकडे फिरकेनात. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या रिकाम्या चाळींचा सरकारने तुरुंग केला. पुढे त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या.