संघटनेचा सूर : वाडाडा लिओ स्मिथ यांचे ट्रंपेट

संघटना म्हटली की माणसाचा स्वतःचा आवाज बुडतो, हा आक्षेप आम्ही तीस वर्षे कामगारांच्या सभांतून ऐकत आलो आहोत. आमचे उत्तर बहुधा पगाराच्या आणि बोनसाच्या आकड्यांत असे. अमेरिकेतील एका ट्रंपेटवादकाने तेच उत्तर सुरांत दिले आहे. म्हणून त्याची हकिगत श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

वाडाडा लिओ स्मिथ यांचा जन्म १८ डिसेंबर १९४१ रोजी मिसिसिपी राज्यातील लीलंड या गावी झाला. तो मुलूख कापसाचा. मळे गोऱ्यांचे आणि वेचणी काळ्यांची. सावत्र वडील ब्लूज वाजविणारे गिटारवादक. म्हणजे कष्टकऱ्यांचे गाणे घरातच होते. पुढे लष्करी बँडांत वाजवून स्मिथ शिकागोस आले आणि १९६७ साली तेथील कृष्णवर्णी संगीतकारांच्या एका मंडळात दाखल झाले.

या मंडळाचा इतिहास आम्हां युनियनवाल्यांनी मुद्दाम पाहावा असा आहे. शिकागोत वादकांच्या युनियना दोन होत्या : दहा नंबरची गोऱ्यांची आणि दोनशेआठ नंबरची काळ्यांची. त्या एक झाल्या १९६६ साली. एकाच धंद्यातील माणसे कातडीच्या रंगावरून वेगळी बसत, ही गोष्ट कामगार चळवळीने झाकून ठेवू नये. १९६५ च्या मे महिन्यात म्युहाल रिचर्ड एब्रम्स, फिल कोरान आदी चौघांनी नवे मंडळ काढले. त्याचा दंडक असा की, मंडळाच्या मैफलीत प्रत्येकाने आपल्या लोकांची नवी रचनाच वाजवावी. क्लबच्या मालकाची फर्माईश तेथे चालत नसे. शिवाय वस्तीतील मुलांना मंडळ फुकट संगीत शिकवी. नियम सामुदायिक, पण त्या नियमाने मागितले काय, तर प्रत्येकाचा स्वतःचा आवाज!

हाच विचार स्मिथ यांच्या स्वरलिपीत उतरला. तिला ते ‘अंख्रास्मेशन’ म्हणतात. तिच्यात नेहमीच्या पाच रेघांऐवजी आकृत्या आणि रंग असतात. रंगाचा अर्थ वादकाने अभ्यास करून स्वतः ठरवावयाचा. आपल्याकडे बंदिश ठरलेली आणि विस्तार गायकाचा, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे २०१२ साली निघालेली ‘टेन फ्रीडम समर्स’ ही ध्वनिमुद्रिका. चार तबकड्या आणि एकोणीस रचना. पहिली रचना १९७७ सालची, १९६३ मध्ये गोळी घालून मारलेल्या मेडगर एव्हर्स यांच्यासाठी. सगळे पुरे व्हायला चौतीस वर्षे लागली. स्मिथ यांचे छोटे पथक जागच्या जागी सुचेल ते वाजविते, तर ‘साउथवेस्ट चेंबर म्युझिक’चे नऊ वादक लिहिलेले वाजवितात. विषय नागरी हक्कांच्या लढ्याचे : मॉन्टगोमेरीत ३८१ दिवस चाललेला बसवरील बहिष्कार, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल मळ्यावरून हाकलली गेलेली फॅनी लू हेमर.

शेवटची रचना मार्टिन ल्यूथर किंग आणि मेम्फिस यांच्यावर आहे. मेम्फिसला काय घडले? १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले. १२ तारखेला सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. त्यांच्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द होते. त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी किंग तेथे गेले आणि ४ एप्रिलला मारले गेले. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली. एवढी मोठी किंमत देऊन मिळालेल्या मान्यतेची आठवण या संगीताने जपली आहे.

पुढच्या कामांतही संगत बदलत गेली, पण नाते तेच राहिले. २०१९ च्या ‘रोझा पार्क्स : प्युअर लव्ह’मध्ये तीन गायिका, तंतुवाद्यांची चौकडी आणि स्मिथ धरून चार ट्रंपेटवादक आहेत. एकाच वाद्याचे चौघे, तरी कोणी कोणाची सावली नाही. २०१६ साली पियानोवादक विजय अय्यर यांच्याबरोबर काढलेल्या मुद्रिकेतील मुख्य रचना चित्रकार नसरीन मोहमदी यांना अर्पण केली आहे. मुंबईत वाढलेल्या या बाईंनी बडोद्याला चित्रकला शिकविली आणि १९९० साली अलिबागेजवळच्या किहीम येथे देह ठेवला. त्यांच्या बारीक, मोजक्या रेघांना या दोघांनी संथ सुरांनी आणि लांब विरामांनी जबाब दिला. हेच दोघे २०२५ च्या ‘डिफायंट लाइफ’मध्ये पुन्हा एकत्र आले, त्यातील एक रचना काँगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांच्यासाठी आहे.

पथकात दुसरा वाजवीत असता थांबून ऐकणे, हे वादकाचे अर्धे काम आहे. सभेतही तसेच. ज्या संघटनेत शेवटच्या बाकावरच्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत चिटणीस गप्प बसतो, तेथे कोणाचाही आवाज बुडत नाही. आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही यापुढे हेच सांगू. आणि आमच्या चिटणिसांनाही.