एका कुस्ती संकुलाचे यशस्वी दशक : मराठवाड्याचे मल्ल आणि पुण्याचा आखाडा (२०११ ते २०२०)

प्रस्तावना

क्रीडासंस्थेचा इतिहास लिहिताना तिने जिंकलेल्या चषकांची व पदकांची यादी देऊन थांबण्याची प्रथा आहे. यश कोणत्या काळात मिळाले हे यादीवरून समजते. ते कोणाच्या बळावर उभे राहिले, हे समजत नाही. लातूर जिल्ह्यातील साई गावचे अर्जुन पुरस्कार विजेते मल्ल काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुलाच्या २०११ ते २०२० या दशकाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे यश पुण्याच्या नावावर नोंदले गेले असले, तरी त्याची मुळे मराठवाड्यात आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. येथे गावोगावी तालमी होत्या, जत्रेत फडही रंगत. परंतु कोल्हापुरासारखे मोठे केंद्र निर्माण झाले नाही. परिणामी होतकरू मल्लाला गाव सोडणे अपरिहार्य ठरले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील हरिश्चंद्र बिराजदार हे याचे ठळक उदाहरण होय. कोल्हापुरात मेहनत करून ते १९६९ मध्ये 'महाराष्ट्र केसरी' झाले आणि १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी अनेक मल्ल घडविले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे हे त्यांपैकी एक.

दशकाची वाटचाल

सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार यांचे निधन झाले. त्यानंतर आवारे यांनी काका पवार यांच्याकडे सराव सुरू केला. एका लातूरकर वस्तादाच्या हातून दुसऱ्या लातूरकर वस्तादाकडे शिष्य गेला, आणि दोन्ही आखाडे मात्र पुण्यातच होते, ही बाब लक्षणीय आहे. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटात आवारे यांनी सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. २०१९ मध्ये नूर-सुलतान (आताचे अस्ताना) येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ६१ किलो गटात कांस्यपदक पटकाविले, तर २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

७ जानेवारी २०२० रोजी पुण्यातील बालेवाडी येथे झालेली 'महाराष्ट्र केसरी'ची अंतिम लढत हा या दशकाचा कळस म्हणता येईल. या स्पर्धेत गादी आणि माती असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते किताबासाठी लढतात. त्या वर्षी गादी विभागातून नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून लातूरचे शैलेश शेळके पुढे आले. दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे! सदगीर यांनी ३-२ अशा गुणांनी बाजी मारली आणि विजयानंतर पराभूत सहकाऱ्याला खांद्यावर उचलून घेतले. कोणीही जिंकले तरी किताब एकाच संकुलात येणार होता.

यशाची किंमत व मर्यादा

याच दशकात मराठवाड्याने तीव्र दुष्काळ अनुभवला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मल्लाचा दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतीच्या उत्पन्नावर चालतो. जेथे प्यायला पाणी नव्हते, तेथील कुटुंबांनी दूर शहरात राहणाऱ्या मुलाचा खुराक कसा चालविला असेल, याचा विचार पदकांच्या यादीत कोठेही दिसत नाही.

या यशाला मर्यादाही होत्या. आवारे यांचे जागतिक पदक ६१ किलो या ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या वजनगटातील होते आणि ऑलिम्पिकच्या आखाड्यात उतरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या मल्लाला ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे तालमी बंद पडल्या व या वाटचालीला खंड पडला.

समारोप

पदक मल्लाचे असते, कीर्ती संस्थेची होते. परंतु मल्लाला वाढविणारे गाव बहुधा अनुल्लेखित राहते. मराठवाड्यातील तालमींचे लिखित दफ्तर क्वचितच आढळते. वस्तादांच्या स्मरणातच तो इतिहास जिवंत असतो. बिराजदारांसारखा वस्ताद गेला की त्यातील एक प्रकरण कायमचे मिटते. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांच्या इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन वृद्ध मल्लांच्या मुलाखती, फडांच्या जाहिराती व छायाचित्रे यांचे संकलन हाती घेणे अगत्याचे आहे. अन्यथा आपल्याच मुलांचा इतिहास वाचण्यासाठी, त्यांच्याप्रमाणेच, आपल्यालाही पुण्याची वाट धरावी लागेल.