वावाच्या दोरीपासून फिशफाइंडरपर्यंत

ज्या समाजाचे अन्न समुद्रात आहे, त्या समाजाचा इतिहास पुष्कळसा पाण्याखालीच दडलेला असतो. राजघराण्यांच्या बखरी झाल्या, पेढ्यांच्या वह्या राहिल्या. परंतु आपल्या तांडेलांनी कोणत्या खुणेवर जाळे टाकले, तळाची जात कशी ओळखली, मासळीचा माग कसा काढला, हे कोणी लिहून ठेवले नाही. एतदर्थ यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका लहानशा यंत्राचा वृत्तांत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. ते यंत्र म्हणजे फिशफाइंडर. आज आपल्या कित्येक नौकांवर ते बसलेले आहे. पण ते आले कोठून, आणि भर समुद्रात रुसले तर काय करावे, याचा विचार घरोघर व्हावयास हवा.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. खोली मोजण्याचे आपले जुने माप वाव. दोन्ही हात पसरले म्हणजे जेवढी दोरी मावते तो एक वाव, अर्थात सुमारे सहा फूट. दोरीच्या टोकास शिशाचे वजन बांधून ती सोडावयाची, आणि तळ लागला की हातांनी मोजीत वर ओढावयाची. ही रीत जगातील सर्वच दर्यावर्दी लोकांत होती. वजनाच्या बुडास चरबी फासली तर तळाची वाळू वा चिखल तिला चिकटून वर येई, आणि जाणता पुरुष तो बोटांत चोळून आपण कोठे आहो ते सांगे. मासळीचा माग डोळ्यांनी घ्यावयाचा आणि कानांनीही. घोळीच्या जातीची मासळी पोटातील हवेच्या पिशवीने आवाज करते. मलाया देशी तर पाण्यात उतरून कानाने मासळीचा थवा ओळखणारे खास जाणकार नौकेवर असत. या पिशवीस आपण भोत म्हणतो. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारी कथा तिच्याशी निगडित आहे.

पाण्यातून आवाज किती वेगाने जातो, हे १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडों आणि स्टर्म यांनी मोजले. एका होडीवरून पाण्याखाली घंटा वाजवावयाची, त्याच क्षणी दारूचा भडका उडवावयाचा, आणि दूरच्या होडीवर भडका दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा काळ मोजावयाचा, अशी ती साधी युक्ती होती. समुद्राच्या पाण्यात हा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर भरतो. म्हणजे तळ ३० मीटरांवर असेल तर नाद खाली जाऊन प्रतिध्वनी परत यावयास एका सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. प्रतिध्वनीच्या काळावरून खोली सांगणे, हेच या यंत्राचे मर्म होय.

या तत्त्वास चालना मिळाली ती एका भीषण अपघाताने. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक हे जहाज हिमनगावर आदळून बुडाले. १९१३ साली जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १९१४ साली अमेरिकेत फेसेंडेन यांनी आपल्या यंत्राने हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी स्फटिकाचा उपयोग केला. स्फटिकास वीज दिली की तो कंप पावतो, आणि कंप पोहोचला की वीज देतो. क्यूरी बंधूंनी १८८० साली उजेडात आणलेला हा गुण त्यांनी कामास लावला. आजच्या ट्रान्सड्यूसरच्या पोटात स्फटिकाऐवजी त्याच गुणाची चिनीमातीसारखी वडी असते, इतकाच फरक.

तळ दिसू लागला, मग तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये उमटणाऱ्या डागांकडे लक्ष गेले. १९३५ साली नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन येथील कॉड मासळीच्या थव्याचे चित्र यंत्राच्या कागदावर उमटलेले प्रसिद्ध केले. जपानात नागासाकी प्रांतातील फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांसाठी व्यवहारात चालेल असे यंत्र सिद्ध केले. परंतु आरंभी मच्छीमारांचा त्यावर विश्वास बसेना. यंत्रे बिघडत, चित्र वाचता येत नसे. अखेर बंधूंपैकी एकाने गोतो बेटांतील एका नौकेवर स्वतः बसून ते चालविले, मासळी भरघोस लागली, तेव्हा कोठे त्याची कीर्ती झाली. यंत्र विकत घेणे ही अर्धीच गोष्ट. ते वाचणारा आणि दुरुस्त करणारा मनुष्य नौकेवर असणे ही उरलेली अर्धी, हा या घटनेचा बोध होय.

आपल्या देशात १९४६ साली मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले, त्याचेच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण झाले. १९५२ साली केरळात नॉर्वेच्या सहकार्याने प्रकल्प सुरू झाला. शिडाच्या जागी इंजिन आले, इंजिनामागून वीज आली, आणि विजेमागून पडदा आला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. यंत्र बिघडले म्हणजे काय करावे? जुना तांडेल नौकेत पाणी शिरू लागले तर आधी तळ पाहतो, मग सांधे, मग वरच्या फळ्या. येथेही तोच क्रम धरावा: आधी वीज, मग तारा, मग ट्रान्सड्यूसर, आणि सर्वांत शेवटी पडद्याची पेटी. पुष्कळ घरी याच्या उलट घडते. पेटीच खराब झाली असे समजून ती हजारो रुपये देऊन बदलली जाते, आणि दोष मात्र कळंक चढलेल्या एका सांध्यात बसून राहतो.

पडदा मुळीच पेटत नसेल, किंवा इंजिन सुरू करताना विझत असेल, तर विजेचा दाब बॅटरीपाशी मोजून थांबू नये. यंत्र चालू ठेवून त्याच्या पाठीमागे, जेथे तार शिरते तेथे मोजावा. बॅटरीपाशी पुरा दाब आणि यंत्रापाशी कमी, तर तार बारीक आहे किंवा सांधा खारला आहे असे समजावे. फ्यूज उडाला तर तितक्याच मापाचा घालावा. जाड तारेचा तुकडा घालून वेळ मारून नेणे म्हणजे नौकेत आग पोसणे होय.

पडदा पेटतो पण तळ दिसत नाही, अशा वेळी खोलीचे माप बरोबर लावले आहे की नाही ते आधी पाहावे, आणि नौका थांबवावी. थांबल्यावर तळ दिसू लागला आणि वेग घेताच नाहीसा झाला, तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून हवेचे बुडबुडे वाहत आहेत. दोष यंत्राचा नसून जागेचा आहे. थांबूनही दिसत नसेल तर त्याच्या तोंडावर शेवाळ वा कवचाचे जीव चढले आहेत काय, तार कोठे घासून तुटली आहे काय, ते पाहावे. तोंड पटाशीने खरवडू नये आणि त्यावर वाटेल तो रंगही फासू नये. शेजारच्या नौकेवर त्याच जातीचा ट्रान्सड्यूसर असेल तर तो क्षणभर जोडून पाहणे, ही सर्वांत स्वस्त परीक्षा होय.

पडद्यावर पावसासारखे ठिपके पडू लागले तर एकेक वस्तू बंद करीत जावी: पंप, दिवे, वायरलेस, शेवटी इंजिन. जी बंद करताच पाऊस थांबेल तीच अपराधी. यंत्राची तार इंजिनाच्या तारांपासून दूर नेली म्हणजे बहुधा हा उपद्रव मिटतो. सारे बंद करूनही ठिपके राहिले तर जवळच्या नौकेचे यंत्र आपल्या यंत्रात बोलत आहे असे समजावे. आणि खऱ्या तळाच्या दुप्पट खोलीवर दुसरा तळ दिसला तर घाबरू नये. नाद तळावरून पृष्ठभागापर्यंत येऊन पुन्हा खाली गेल्याची ती खूण आहे. उथळ पाण्यात कठीण तळावर असे व्हावयाचेच.

या सर्वांची अंतिम कसोटी कोणती? तीच जुनी वावाची दोरी. शांत पाण्यात नौका उभी करून शिसे सोडावे आणि यंत्राचा आकडा ताडून पाहावा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली जितका खोल बसविला असेल तितकाच फरक पडला तर यंत्र खरे. रात्री खडकाळ भागात पडदा विझला तर नौकेचे आणि खलाशांचे प्राण याच दोरीवर आहेत. म्हणून ती फेकून देऊ नये, अशी आमची तरुणांस आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट भोतीची. पडद्यावर मासळी ठळक उमटते ती मुख्यतः तिच्या हवेच्या पिशवीमुळे. घोळीस भोत असते म्हणून ती स्पष्ट दिसते. सुरमई, मुशी आणि आपला बोंबील यांस ती नसते, म्हणून त्यांची खूण फिकी येते. ज्याला हे ठाऊक नाही तो रिकामा पडदा पाहून यंत्रास शिव्या देतो. ज्याला ठाऊक आहे तो पाण्याचा रंग, पक्ष्यांची झेप आणि भरती-ओहोटीची वेळ यंत्राच्या जोडीस धरतो. वडीलधाऱ्यांची विद्या अशा रीतीने यंत्रामुळे निरुपयोगी न होता उलट अधिक मोलाची झाली आहे. मात्र ती वृद्धांबरोबर जात आहे, आणि पडद्यावर तिची नोंद नाही.

या यंत्राचा पैसा कोठून येतो हेही विसरू नये. आपल्या माताभगिनी पहाटेपासून डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसतात, त्या घामाचा तो पैसा आहे. न समजता नवी पेटी घेणे हा त्यांच्या कष्टांचा अपव्यय होय. तसेच मासळी कोठे आहे हे यंत्र सांगते, किती ठेवावी हे सांगत नाही. ते आपल्या विवेकानेच ठरविले पाहिजे.

पावसाळ्यात होड्या शाकारून किनाऱ्यावर असतात. तो काळ सांधे घासण्याचा, तारा बदलण्याचा आणि शिकण्याचा आहे. प्रत्येक कोळीवाड्यातून निदान दोन मुलामुलींनी हे दुरुस्तीचे काम हाती घ्यावे, आणि त्यांनीच आपल्या वाड्यातील वृद्ध तांडेलांपाशी बसून खुणा, वाव आणि तळाच्या जाती वहीत उतरवून घ्याव्यात. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करताना नौकेवर नवे यंत्र आणि जुनी दोरी दोन्ही नीट असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.