कॅन्सरच्या उपचारादरम्यान अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का?

जुनं खोबरं खवट होतं, कारण त्यातल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. असाच बदल शरीरातही घडतो. पेशीच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. 'फ्री रॅडिकल' हे अस्थिर कण त्यांच्यावर हल्ला करतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी सुरू होते. ती तोडण्याचं काम अँटिऑक्सिडंट करतात. हे कण वाढले आणि अँटिऑक्सिडंट अपुरे पडले, की त्याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात.

मग कॅन्सरच्या रुग्णाने व्हिटॅमिन ई च्या गोळ्या घेतल्या तर फायदाच होईल ना? गफलत इथेच होते. रेडिएशन पेशीतल्या पाण्यापासून हेच कण तयार करतं आणि त्यांच्या मदतीने कॅन्सरच्या पेशी मारतं. काही केमो औषधांमुळेही असे कण तयार होतात. जास्त डोसच्या गोळ्या निरोगी पेशींबरोबर कॅन्सरच्या पेशींनाही वाचवू शकतात.

'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हा समजही खरा नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळलं.

रोजच्या जेवणातल्या भाज्या आणि फळं ही वेगळी गोष्ट आहे. पण उपचार सुरू असताना कोणतीही व्हिटॅमिनची गोळी किंवा काढा घेत असाल, तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना आधी सांगा.